खांड गेली!

लग्नाची हळद अजून पुरती उतरली नव्हती तेव्हा मी एकदा धरण बुजवायला निघाले होते. अगदी मोठं धरण नव्हे, कोलाडच्या वरच्या अंगाला कुंडलिकेवर बंधारा आहे तो. पण श्रावणातला, काठोकाठ भरलेला, वरून पाणी कोसळत असलेला. काठावर निम्मा रोहा भजी खात उभा होता. त्या सगळ्यांदेखत या शहाणीनं नवी मोरपिशी नायलॉनची साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि दोन्ही हातांनी चिखल उपसायला सुरुवात केली. कुंडलिका अडवायची होती ना तिला! एकटीनं!

आता सत्तरीला टेकले. गुडघे बोलतात, कान जरा कमी ऐकतात, पण ती बया आठवली की अजून मला हसू फुटतं. हसता हसता मध्येच थांबायलाही होतं. त्याचं कारण पुढं येईल.

परवा नातीचा फोन आला. सायली पनवेलला एका कंपनीत आहे. शिफ्ट सुटली की चालता चालता मला फोन लावते, त्यामुळे तिच्या निम्म्या बोलण्यात हॉर्न असतात. म्हणाली, "आजी, ओव्हरफ्लो झाला! रविवारी येते, तुम्ही दोघं तयार राहा."

ओव्हरफ्लो! बारसं झाल्यासारखा आनंद होता तिच्या आवाजात. आमच्या या भागात आता हा एक सणच झालाय. पेणकडची माणसं हेटवण्याच्या धरणाला जातात, आमच्याकडची कोलाडच्या बाजूला येतात. मुंबईहून गाड्यांची रांग लागते. पूर्वीही यायची माणसं, नाही असं नाही. माझ्या सासरी पाहुणा आला की त्याला आधी चहा, मग बंधारा, असाच क्रम होता. दुसरं दाखवायला होतं काय आमच्याकडे? जावई आला, दाखव बंधारा. मुलगी बघायला माणसं आली, पोहे झाले, दाखव बंधारा. नवी सून आली, तिलाही दाखव. तशी मला दाखवायला नेली होती.

आता माझ्या माहेराबद्दल सांगायला हवं, नाहीतर वाटेल मी जन्माचीच वेडी. वडखळ सोडून खाडीकडे आत गेलं की आमचा खारेपाट लागतो. सपाट, झाडं कमी, एका बाजूला भात, दुसऱ्या बाजूला मिठागर, आणि दोन्हींच्या पलीकडे खाडी. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा एक लांबच लांब बांध. त्याला बाहेरकाठा म्हणतात. त्या बांधाच्या भरवशावर आख्खं गाव जेवतं. उधाणाच्या भरतीत पाणी बांधाच्या वर चढलं, किंवा खेकड्यांनी पोखरलेल्या जागी भगदाड पडलं, की त्याला खांड जाणं म्हणतात. खांड गेली की खारं पाणी शेतात शिरतं आणि उभं भात तर जळतंच, पण पुढचे दोन-तीन पावसाळे जमीन धुऊन निघेपर्यंत तिथं गवताशिवाय काही उगवत नाही.

म्हणून आमच्याकडे एक हाक होती. ज्याला पहिल्यांदा दिसेल त्यानं ओरडायचं, "खांड गेली!" ती कानावर पडली की हातातलं टाकून बांधाकडे पळायचं. जेवणारा ताटावरून उठायचा. ज्याच्याशी भांडण आहे त्याच्या शेतासाठीही पळायचं, कारण पाणी काही भांडण विचारून शिरत नाही. बायका ओटीत चिखल घ्यायच्या, पोरं पेंढा आणायची. ती हाक ऐकून न आलेला माणूस मी लहानपणी पाहिलाच नव्हता. मला वाटायचं, जगातल्या सगळ्या माणसांना ही हाक कळते.

तर अशी ही जगाची माहितगार पोरगी लग्न होऊन कोलाडजवळ आली. बंधारा बघायला बरोबर आमचे हे, नणंद शालू, शेजारपाजारची चार माणसं आणि यांचे मित्र दत्ताभाऊ. दत्ताभाऊंचा रोह्यात फोटोचा स्टुडिओ होता. उंच, सडपातळ, पांढरा टेरिलिनचा शर्ट, आणि त्या शर्टाला इतके जपायचे की भजीसुद्धा हात लांब करून खायचे. नव्या जोडप्याचा बंधाऱ्यावर फोटो काढायचा म्हणून खास आले होते.

मी वाटभर डोक्यावरचा पदर पार नाकापर्यंत ओढलेला. सासरची माणसं ना बरोबर! त्यामुळे मला जे दिसलं ते सगळं जमिनीवरचं. चपला, डबकी, कुणाच्या तरी भज्यांचा कागद. पाण्याचा आवाज येत होता, पण मला वाटलं जवळ कुठं भाताची गिरणी असेल. दत्ताभाऊंनी आम्हाला बंधाऱ्याकडे पाठ करून उभं केलं. एक फोटो काढला. मग म्हणाले, "वहिनी, पदर जरा मागं घ्या. आणि आता वळून पाण्याकडं बघा, झकास येईल."

मी वळले.

समोर बांध होता आणि बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी वरून चाललं होतं. खाली नदीच्या दोन्ही काठांना शेतं दिसत होती, हिरवीगार, पोटरीला यायला झालेली. आणि ही सगळी माणसं उभी राहून बघत होती, खात होती! मी ओरडले. कशी ओरडले ते मला आजही घशात जाणवतं.

"खांड गेली! खांड गेली रं! बघताय काय, चिखल आना!"

कुणी हललं नाही. मग मीच वाकले, काठावरचा चिखल दोन्ही हातांनी उपसला आणि समोर जे पहिलं माणूस दिसलं त्याच्या हातांत तो गोळा कोंबला. ते दत्ताभाऊ होते. कॅमेरा गळ्यात, ओंजळीत चिखल, शर्टावर ओघळ. तो भला माणूस ना रागावला, ना त्यानं चिखल टाकला. गोंधळून माझ्याकडे बघत म्हणाला, "वहिनी, हे मी कुठं ठेवू?"

मग जे हसू पिकलं! आमचे हे तर खडकावर बसून हसले. शालू डोळे पुसत म्हणाली, "वयनी, अगो तो तसाच असतो! पानी वरनं जायलाच बांधलाय त्याला!"

पाणी वरून जाण्यासाठी बांधलेला बांध! माझा विश्वास बसेना. जाऊ द्यायचंच होतं तर बांधायचा कशाला?

एक बरं झालं. दत्ताभाऊंचे हात चिखलानं भरलेले, त्यामुळे त्या प्रसंगाचा फोटो नाही. नाहीतर सायलीनं तो आतापर्यंत कुठं कुठं टाकला असता.

हसण्याचं एक असतं. सासरच्या घरात शिरायला प्रत्येकीला कुठलं तरी दार सापडावं लागतं. कुणी पुरणपोळीनं शिरते, कुणी गोऱ्या रंगानं, कुणी माहेरच्या भांड्याकुंड्यांनी. माझ्या हाताला हसण्याचं दार लागलं. घरी आल्यावर ही गोष्ट चुलीपाशी सांगितली गेली, ओटीवर सांगितली गेली, विहिरीवर पोचली. दोन दिवस मी मान खाली घालून वावरले. तिसऱ्या दिवशी चुलीवरचं दूध उतू गेलं. घरात सगळे होते. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "खांड गेली!"

सासूबाई हसल्या. गंभीर बाई हो ती, दाराच्या उंबऱ्यासारखी, आणि ती तोंडाला पदर लावून हसली. झालं, मला वाटच सापडली. घागर हिंदकळली, खांड गेली. आमटी सांडली, खांड गेली. शेजारच्या तान्ह्यानं माझ्या मांडीवर शू केली, मी ओरडले, खांड गेली, आणि ओटीवरचे पुरुषसुद्धा खदखदले. मी त्या घराची लाडकी झाले. ज्या हाकेला आमच्या गावात माणसं ताटावरून उठायची तिची मी पंधरवड्यात करमणूक करून टाकली. तेव्हा मला यात काही वावगं दिसलं नाही. मला फक्त दिसत होतं की सगळे माझ्याकडे बघून हसतायत आणि मला जेवायला लवकर बोलावतायत.

त्या रविवारी बंधाऱ्यापाशी आम्ही पोचलो तर काय गर्दी! मक्याची कणसं, वडापाव, काळे चष्मे, पावसात काळे चष्मे! हेल्मेट घातलेली पोरं राफ्टिंगहून ओलीचिंब येत होती. 'पाण्यात उतरू नये' या पाटीला धरून, पाण्यात उतरून, एक कुटुंब फोटो काढत होतं. आमचे हे गाडीतच बसले. कवळीमुळं कणीस चावत नाही म्हणून ते कणीसवालीकडून दाणे सोलून घेतात आणि पन्नास वर्षांपासूनचा मालक असल्यासारखे बंधाऱ्याकडे बघत एकेक खातात.

सायली मला हाताला धरून काठापाशी घेऊन गेली. मोबाइल काढला. "आजी, तू तेव्हा ओरडली होतीस ना, तसं ओरड. मी रील करते."

"नाय गो."

"का? आजोबा दर वर्षी सांगतात ती गोष्ट! मस्त आहे. एकदाच, प्लीज."

"आजोबा अर्धीच सांगतात," मी म्हणाले.

खरंच अर्धीच सांगतात. बंधाऱ्यापर्यंत येतात, दत्ताभाऊंच्या शर्टापर्यंत येतात, खडकावर बसून हसल्याचं सांगतात आणि तिथंच दाणे खायला लागतात. उरलेल्या अर्ध्यातही ते हसले होते, आणि ते त्यांना सांगवत नाही. मलाही फारसं सांगवत नाही. पण पोरगी मोबाइल खाली घेऊन बघत राहिली, तेव्हा तिला एका बाजूला दगडावर बसवलं आणि सांगितलं.

पिठोरी अमावस्येची सकाळ होती. मी शेतावरून परतत होते. पेणहून येणारी एसटी नाक्यावर थांबली आणि कंडक्टरनं खिडकीतून हाक मारली. तेव्हा निरोप असेच यायचे. माहेरच्या माणसानं पेणच्या स्टँडवर कंडक्टरला सांगायचं, त्यानं तो निरोप नाक्यावर उतरवायचा, चिठ्ठी नाही, चपाटी नाही. तो म्हणाला, "तुम्ही त्या खारेपाटातल्या ना? तुमच्या भावानं सांगितलंय, मध्यरात्रीच्या उधाणात तुमच्या शेतासमोर खांड गेली. माणसं कमी पडतायत. आज रात्रीच्या भरतीआधी बुजली नाही तर काय खरं नाही."

एसटी गेली. मी धावत सुटले. तो बांध माझ्या डोळ्यांसमोर होता. त्याच्या आतली आमची जमीन, तेवढीच काय ती. बाबांचा सगळा उन्हाळा मिठागरात जायचा, पायांना मिठानं भेगा पडायच्या, आणि पावसाळा लागला की त्याच पायांनी ते या शेतात उतरायचे. भात गेलं असतं तर वर्ष गेलं असतं. जमीन खारवली असती तर बाबांना बाराही महिने मिठागरातच उभं राहायला लागलं असतं, आणि त्यांचे पाय आता तेवढे राहिले नव्हते.

घरात शिरले. ओटीवर आमचे हे आणि दत्ताभाऊ बसले होते. दत्ताभाऊ त्या दिवशीचे फोटो घेऊन आले होते. सासूबाई तांदूळ निवडत होत्या, शालू दाराशी. मी दम खात उभी राहिले आणि ओरडले, "खांड गेली!"

सगळे हसले.

हे तर मांडीवर थाप मारून हसले. सासूबाई सुपातून वर न बघताच म्हणाल्या, "कशाला गो ओरडतेस, आज दूध नाय चुलीवर!"

मी परत म्हणाले, "खांड गेली, खरंच गेली." तर ते आणखी हसले, कारण तो 'खरंच'सुद्धा मी रोजच लावायचे. आणि सगळ्यात वाईट काय, तर मीही हसले. सवयच लागली होती ना! त्यांचे चेहरे हसरे झाले की माझा व्हायचाच. तोंड हसत होतं आणि आत बांधाला भगदाड पडलेलं. मी उंबऱ्यावर बसले. हसणं थांबेना, आणि मग ते हसणं राहिलंच नाही.

पहिल्यांदा सासूबाईंच्या ध्यानात आलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, जवळ आल्या, माझे हात हातात घेतले. हात बर्फासारखे. त्या वळल्या आणि लेकाला म्हणाल्या, "दात झाक. हे खरं हाय."

कंडक्टरचा निरोप मी कसाबसा सांगितला. यांचा चेहरा उतरला तो मी पाहिला. सासूबाईंनी पुढचं काही विचारलंच नाही. पदर खोचला, काल रात्रीच्या भाकऱ्या फडक्यात बांधल्या, सुकटीची चटणी घातली आणि यांच्या हातात फावडं दिलं. "वाडीतल्या पोरांना हाक मार," म्हणाल्या. "बंधाऱ्यावर हसायला किती जण होतात रे? तेवढे सगळे."

आणि खरंच, तेवढे सगळे आले. हायवेवर एक रिकामा ट्रक मिठाच्या खेपेला वडखळकडे निघाला होता, त्यात चढलो. शालू माझ्या शेजारी बसून माझ्या पदराच्या टोकाशी चाळा करत होती. मध्येच हळूच म्हणाली, "वयनी, मी परत नाय हसनार."

मी म्हटलं, "हस गो. पण आज नको."

बांधापाशी पोचलो तेव्हा ओहटी लागलेली होती. खांड मोठी होती, बैलगाडी जाईल एवढी. माझा भाऊ आणि गावातली माणसं पहाटेपासून बांबूच्या मेखा ठोकून पेंढ्याचे भारे दाबत होती. आता चिखल भरायचा होता. चिखल भरण्याची आमच्याकडे एकच रीत. ज्याला चांगली माती ओळखता येते तो खणतो, बाकीच्यांनी रांग करायची, आणि गोळा या हातातून त्या हातात जात जात खांडीपाशी पोचायचा. बाबा खांडीच्या तोंडाशी कमरेएवढ्या गाळात उभे होते. जावयाला फावडं घेऊन येताना पाहिलं तर आधी ओशाळले. जावयानं पहिल्यांदा सासऱ्याच्या शेतावर यावं ते असं, हे त्यांना लागलं असणार. पण खांडीपुढं मानपान टिकत नाही. त्यांनी नुसता हात केला, "इकडं, इकडं उभे ऱ्हावा."

भरतीचं पाणी चढायला लागलं तेव्हा खांड बुजली होती. वरचा थर ओला होता, पण धरला. आमच्या खालच्या तुकड्यात खारं पाणी गेलंच होतं, तो तुकडा पुढची दोन वर्षं पडीक राहिला. बाकीचं शेत वाचलं. त्या दिवाळीत बाबा नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन आले, आणि सासूबाईंनी ते देवापुढं ठेवलं.

तेव्हाच यांनी बाबांना बंधारा दाखवायला नेलं. पाहुणा आला की बंधारा, रीतच ती. पाऊस सरला होता, पाणी शांत होतं. बाबा काठावर बसले, बोट बुडवलं, जिभेला लावलं. मग ओंजळ भरून प्यायले. आमच्या खारेपाटात गोड्या पाण्याचा हंडा आणायला बायका केवढ्या लांब जायच्या, उन्हाळ्यात तर अजूनही टँकरची वाट बघतात. बाबा त्या पाण्याकडे बघत म्हणाले, "एवढं गोडं पानी! आन् माणसं नुसती बघून जातात?"

यांनी बाबांना भजी दिली.

बांध दोन प्रकारचे असतात असं मला तेव्हापासून वाटतं. एक पाणी आत ठेवतो, दुसरा बाहेर ठेवतो. पहिल्यापाशी माणसं छत्री आणि कणीस घेऊन येतात, फोटो काढतात. दुसऱ्यापाशी कुणी सहलीला येत नाही. तिथं बघण्यासारखं काही नसतं, नुसती माती, खेकड्यांची बिळं आणि पलीकडे खाडी. तो नीट उभा असला तर दिसतसुद्धा नाही. म्हणून मी दर वर्षी बंधाऱ्यावर येते, सगळ्यांबरोबर आनंदानं बघते, भजीही खाते. पण वरून पडणारं पाणी पहिल्यांदा दिसलं की पाय अजून चिखल शोधतात. यांना ते माहीत आहे. अशा वेळी ते गाडीतून उगाच हाक मारतात, "अगो, छत्री घे!" छत्री माझ्या हातातच असते.

सायलीनं ऐकून घेतलं. मोबाइल पिशवीत ठेवला. मग म्हणाली, "आणि फोटोवाले आजोबा? तेही आले होते?"

आले होते की! दत्ताभाऊ रोह्याच्या बाजारपेठेतला माणूस, घरचं शेत नाही, खाडीचं पाणी आयुष्यात पायाला लागलेलं नाही. ओटीवर सगळ्यांत शेवटी त्यांचंच हसू थांबलं होतं. ते आता नाहीत, पण मला तो रांगेतला त्यांचा चेहरा लख्ख आठवतो. ट्रकमध्ये ते कधी चढले ते मी पाहिलंच नव्हतं. मी रांगेत उभी राहिले, मागून आलेला चिखलाचा गोळा घेतला, पुढच्या माणसाला द्यायला वळले, तर समोर पांढरा टेरिलिनचा शर्ट. बाह्या वर सारलेल्या, चपला कुठंतरी गाळात राहिलेल्या, गुडघ्यापर्यंत रुतलेले. दोन्ही हात माझ्यापुढं पसरले होते. मी गोळा त्या हातांत ठेवला. त्यांनी तो छातीशी धरला, शर्टाचा विचार न करता, आणि अगदी गंभीरपणे मला विचारलं,

"वहिनी, आता सांगा. हे कुठं ठेवू?"